कीपवाले मुथा सर

यंदा संवत्सरीला मुथा सरांचा फोन आला नाही. येणार नव्हताच. सर उन्हाळ्यातच गेले. तरी त्या दिवशी गोदामात सळ्यांचे बंडल उतरवून घेताना मी सारखा खिशातला फोन काढून बघत होतो. आवाज बंद तर राहिला नाही ना, रेंज गेली का, असलं काहीतरी.

जैन लोकांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. त्या दिवशी ते लहानथोर सगळ्यांना हात जोडून माफी मागतात. "मिच्छामि दुक्कडम" म्हणतात. आमच्या आष्टीच्या बाजारपेठेत मारवाड्यांची दुकानं जुनी, त्यामुळे गावात हे सगळ्यांना माहीत. माणसं म्हणतात, समोरचा हसून हात जोडतो, झालं. आता तर मोबाईलवर फुलांचं चित्र येतं. मुथा सर मात्र फोन करायचे. "अंकुश, मनानं, वाचेनं, हातानं तुला काही दुखवलं असंल तर क्षमा कर बाबा." आणि मग फोन न ठेवता थांबायचे. पलीकडे दुकानातला तराजू वाजायचा, कुणीतरी गूळ मागायचं, आणि सर थांबलेले असायचे. माझ्याकडून त्यांना एक गोष्ट पाहिजे होती आणि ती मला देता येत नव्हती. का, ते पुढे येईलच.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. घरचं किराणा दुकान, मोठे भाऊ, ज्यांना सगळे भाईजी म्हणायचे, ते गादीवर बसायचे, आणि हे एकटे मास्तर झालेले. पांढरा सफारी, खिशात आगपेटीएवढी पत्र्याची डबी आणि डबीत खडूचे तुकडे. खुर्चीत बसण्याआधी रुमालानं खुर्ची हलकेच झाडायचे. धुळीसाठी नाही, मुंगी असली तर ती मरू नये म्हणून. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब घेत नसत. त्यामुळे स्नेहसंमेलनात नाटक रंगात आलं की सर उठायचे, "माझा सूर्य चालला" म्हणून घरी जेवून यायचे आणि तोवर नाटकात कोण मेलं ते शेजारच्याला विचारायचे.

नववीच्या पहिल्या तासाला ते आले, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात चार अक्षरं काढली, त्याला चौकट केली आणि म्हणाले, "ही चौकट कुणी पुसायची न्हाई. वर्षभर." शब्द होता कीप.

"कीप म्हणजे?"

"ठेवणे," पहिल्या बाकावरून आलं.

"बराबर. अजून?"

अजून कुणाला येत नव्हतं. सर खूश झाले. पोरांना येत नसलं की सरांना फार बरं वाटायचं.

"ऐका. मराठी म्हणजे भरल्या घरचा स्वयंपाक. दुधाचं पातेलं वेगळं, वरणाचं वेगळं, तापवायचं वेगळं, विरजायचं वेगळं. इंग्रजी म्हणजे आमचं मारवाड्याचं घर. एकच कढई. त्यातच भाजी, त्यातच शिरा, आणि पाहुणा आला तर त्यातच पापड." पोरं हसली. "ही कढई हाय कीप. आता आपापल्या घरी जा आणि तिच्यात काय काय शिजतं ते बघून या."

गृहपाठ असा. वहीत लिहायचं नाही, पुस्तकात बघायचं नाही. घरात, रानात, रस्त्यावर एखादी गोष्ट बघायची आणि तिथं कीप बसतो का ते तासाला येऊन सांगायचं. पोरं आणायला लागली. शेळ्या पाळणं, कीप. गुरुवार धरणं, कीप. शब्द पाळणं, रानाची राखण करणं, लोणचं टिकणं, गप्प बसणं, पाहुण्याला ठेवून घेणं, सगळं कीप. एक जण म्हणाला, "सर, म्हातारी सारखी बडबड करत राहती." सर टाळी वाजवून म्हणाले, "कीप्स टॉकिंग! शाबास. म्हातारीला माझा नमस्कार सांग."

आपण बोलताना "येऊन राह्यलो, करून राह्यलो" म्हणतो त्याला शहरातली माणसं हसतात. सर म्हणायचे, "हसू द्या. त्यांचं काम नुसतं चालू असतं. आपलं राहतं. ह्या राहण्यातच कीपचा अर्धा वास हाय." हे पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे का मला माहीत नाही. पण पुढे कामावर कुणी माझ्या बोलण्याला हसलं की मला ते आठवायचं आणि मान खाली जायची नाही.

मग सरांनी कीपचे चुलतभाऊ आणले. एकाच अर्थाचे दोन शब्द असतात हे त्यांना मान्यच नव्हतं. "सख्खा भाऊ कुणाला नसतो. सगळे चुलत. तोंडावळा सारखा, स्वभाव निराळा." रिटेन हा शहरात शिकलेला, कोटातला, हापिसातच बोलतो. मेंटेन हा गाडीवाला, सारखा तेलपाणी बघतो. प्रिझर्व्ह हा बरणीत राहतो, मीठ-तेलाशिवाय त्याचं चालत नाही. स्टोअर म्हणजे आमचे भाईजी, आणतात आणि भरून ठेवतात. डिटेन पोलिसात लागलेला, तो कुणाला ठेवून घ्यायला लागला की समजायचं भानगड आहे. "आणि कीप?" आम्ही विचारलं. "कीप गावातच राह्यला. म्हणून सगळ्यांची कामं त्यालाच सांगतात."

बाजारच्या दिवशी सर दुकानात मदतीला बसायचे. मदत म्हणजे गिऱ्हाइकांची अडचणच. मी एकदा तेल आणायला गेलो तेव्हाचं आठवतं. एक बाई चिंच मागत होती आणि सर तिला विचारत होते, "बाई, ही चिंच तुमच्यात वर्षभर राहती का? कशात ठेवता?" ती मडक्याचं, मिठाचं, फडक्याचं सांगायला लागली, सर मन लावून ऐकत होते, मागं माणसं खोळंबलेली.

भाईजी गादीवरून ओरडले, "मास्टरसाब, गिऱ्हाईक सांभाळा! शब्द नका सांभाळू!"

"भाईजी, दोन्हीला कीपच म्हणतात."

"तो कीप शाळेत सोडून येत जा. चिंच द्या त्यांना जल्दी!"

ती बाई चिंच घेऊन जाताना म्हणाली, "ह्या मास्तरला काऊन ओरडता? चांगलं इचारून राह्यले." भाईजींनी कपाळावर हात मारला. सर मात्र चिंचेचं मडकं सापडलं म्हणून दिवसभर आनंदात.

सरांची एक पद्धत होती. ज्यानं अर्थ आणला नाही त्यानं वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं राहायचं. ती शिक्षा नव्हती, निदान सरांच्या मनात नव्हती. "जा, बाहेर बघ. काहीतरी दिसंल. दिसलं की आत ये, दार उघडंच हाय." पोरं बाहेर जायची, रस्ता बघायची, बैलगाडी, ट्रक, पंक्चरवाला, आणि पाच मिनिटांत ओरडत आत यायची. कधी कधी अर्थ आणला असला तरी मुद्दाम नाही म्हणायची, कारण बाहेर वारा असायचा.

एके दिवशी मी बाहेर उभा होतो आणि परत आत गेलो नाही.

त्याचं खरं असं. आदल्या दिवशी घरी ठरलं होतं. मामा जालन्याला एमआयडीसीत सळ्यांच्या मिलमध्ये होता. तिथं एक जागा होती, ती राहणार नव्हती. आबा म्हणजे माझे वडील सकाळी म्हणाले, "दुपारी मामाचा टेम्पो शाळेवरून जाईल. तिथूनच बस." मी शाळेत गेलो ते सरांना सांगायला. सांगायचं राहिलंच. अर्थही आणला नव्हता, मग बाहेर गेलो. टेम्पो आला. मामानं हॉर्न वाजवला. मी दाराकडे बघितलं, सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मी व्हरांड्यातून उतरलो आणि टेम्पोत बसलो. एवढंच. सर मला रागावले नव्हते, काही लागेल असं बोललेही नव्हते.

घंटा झाल्यावर सर बाहेर आले तर व्हरांडा मोकळा. ते आमच्या घरी गेले. आबांनी काय सांगितलं ते मला फार उशिरा कळलं.

गावात मात्र लगेच झालं. मुथा सरांनी पोराला बाहेर काढलं, पोरगं शाळाच सोडून गेलं. दोन-चार जण हसून, दोन-चार जण चिडून हेच बोलायचे. त्यानंतर सरांनी कुणालाच बाहेर उभं केलं नाही. माझा धाकटा भाऊ पुढे त्यांच्या वर्गात होता. तो सांगायचा, एखाद्यानं अर्थ आणला नाही तर सर म्हणायचे, "बस बाबा, बस. खिडकीतून बघ." फळ्यावरची चौकट होती, पण पहिल्यासारखी मजा न्हाई म्हणे.

मी जालन्यात काही वर्षं काढली, मग मिलमधल्या एका ठेकेदाराबरोबर चेन्नईच्या बाहेर आलो. इथं हिंदी चालत नाही, तमिळ मला येत नाही. पहिल्याच दिवशी सुपरवायझर आला, बंडलाकडे बोट करून म्हणाला, "कीप हिअर." मग, "दॅट वन कीप देअर." चहाचा कप टेबलावर ठेवायचा तरी कीप. मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. अख्ख्या गोदामाचं काम एका शब्दावर चाललेलं आणि तो शब्द माझ्याजवळ होता. त्या दिवशी मी घाबरलो नाही. त्यानंतरही जे थोडं इंग्रजी आलं ते त्या एका शब्दाला धरून आलं. आज मी इथं स्टोअरकीपर आहे. दहावी नाही झालेली.

त्या वर्षी सरांचा फोन आला तेव्हा मी आधी हेच सांगितलं. "सर, इथं पुट कुणी म्हणतच न्हाई. टेबलावर ठेव म्हणायचं तरी कीपच म्हणतात."

सर लहान मुलासारखे ओरडले, "काय म्हणतो! टेबलावर? इंग्रज नाही म्हणणार असं. ही आपल्या लोकांनी घातलेली भर हाय! भाईजी, ऐकलं का, मद्रासला कढईत नवीन पदार्थ निघाला!" मागून भाईजींचं काहीतरी ऐकू आलं. सर हसले. "म्हणजे अंकुश, तू बाहेर उभा राहून अर्थ आणलाच की रे."

हे बोलले. मग आवाज बदलला. "मी तुला बाहेर काढायला नको होतं. मिच्छामि दुक्कडम, बाबा."

मी म्हणालो, "सर, तुमचा काहीच दोष न्हाई. मला जायचंच होतं. घरी आधीच ठरल्तं."

"तू चांगला हायेस म्हणून म्हणतोस."

"न्हाई सर, खरंच ठरल्तं. मामाचा टेम्पो—"

"अंकुश, तुझ्या वडलांनी मला त्याच दिवशी सांगितलं. त्याला तुमचं बोलणं लागलं सर, आता तो काय येत न्हाई, म्हणाले. तू माझं मन राखायला बोलून राह्यलास."

 पलीकडे तराजू वाजत होता. सर थांबले होते.

मला आबा समजत होते. मी आठवीत असताना सर घरी आले होते, तेव्हा आबांनी त्यांना शब्द दिला होता की पोराला दहावीपर्यंत शाळेत ठेवतो. शब्द देणं ही आबांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट. तो मोडला आणि त्याच दिवशी सर दारात. तोंड दाखवायला जागा नाही म्हणून जे सुचलं ते बोलून गेले. मग ते परत घेता आलं नाही. आमच्याकडं मोसंबीची थोडी बाग आहे. दर हंगामात पहिल्या तोड्याची एक पिशवी सरांच्या दुकानात जायची. आबा स्वतः नेऊन द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, बसायचे नाहीत. सर सगळ्यांना सांगायचे, "बघा, माझ्यामुळं पोरगं गेलं तरी किसनराव मोसंबी आणतात. एवढ्या मनाचा माणूस मी बघितला न्हाई." आबा ते ऐकून घरी यायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत, असं आई म्हणायची.

आता मी काय करायचं? सरांना पटवायचं तर आबांना खोटं पाडायचं. आबांना झाकायचं तर सरांना तसंच राहू द्यायचं. एकदा फोनवर आबांना म्हणालो, "आबा, तुम्हीच सांगा ना सरांना." आबा म्हणाले, "मोसंबीला यंदा फूट चांगली हाय." मी पुन्हा विषय काढला नाही. दर संवत्सरीला सर माफी मागायचे, मी म्हणायचो तुमचा दोष नाही, आणि त्यांना वाटायचं पोरगं अजून मनातून सोडत नाही. माफी मागणाऱ्याला दोष नव्हता म्हणणं ही माफी होत नाही, हे मला समजायला उशीर लागला.

मागच्या वर्षी मी सुट्टी काढून पर्युषणातच गावी गेलो. सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात गेला होता आणि शब्द अडत होते. सगळ्यात जास्त इंग्रजी शब्द. भाऊ म्हणाला, कढईचं विचारलं की नुसते हसतात.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आधी ते आमच्या वस्तीवर आले. पुतण्याच्या स्कूटरवर मागं बसून. आईनं त्यांच्यासाठी पाणी उकळून गार करून ठेवलेलं, चातुर्मासात ते दुसरं पीत नाहीत म्हणून. आबा ओसरीवर दोरी वळत बसले होते. आईनं खुर्ची पुढं केली. सर बसले नाहीत. खुर्चीसुद्धा झाडली नाही.

माझ्यासमोर उभे राहिले. उजव्या हातानं डावा हात उचलला, छातीपाशी आणला, त्याला आपला उजवा टेकवला. डावा सारखा खाली घसरत होता. ते परत उचलत होते.

"अंकुश," म्हणाले. मग पुढचा शब्द येईना. ओठ हलत होते. पुतण्यानं सांगायचा प्रयत्न केला तर त्याला मानेनंच गप्प केलं. "मी… तुला… बाहेर…"

मी आबांकडे बघितलं. आबांचे हात दोरीवर थांबले होते, नजर जमिनीला. एक शब्द त्यांनी बोलावा म्हणून मी थांबलो. खूप थांबलो, असं वाटतं. सरांचा हात पुन्हा घसरला.

मी सरांचे दोन्ही हात माझ्या हातात धरले आणि म्हणालो, "माफ केलं, सर."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "खरं?"

"खरं सर. बिलकुल. काही न्हाई आता मनात."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग खुर्चीकडे वळले, खिशातून रुमाल काढून एका हातानं ती हळूहळू झाडली आणि बसले. पाणी मागितलं. पूर्ण तांब्या प्याले. हनुवटीवरून थोडं सांडलं, त्याला हसले. भावाला कशावरून तरी चिडवलं, शब्द नीट कळले नाहीत, पण चिडवलं हे कळलं. आई म्हणाली, किती दिवसांनी सर असे बसले आपल्यात. मी बघत होतो आणि मला आनंदही होत नव्हता आणि वाईटही म्हणता येत नव्हतं. न केलेल्या गोष्टीची माफी मी एका माणसाला दिली होती आणि ती घेऊन तो बरा झाला होता.

सर उठले, आबांकडे वळले, आणि तसाच डावा हात उचलायला लागले, आबांनाही मिच्छामि दुक्कडम म्हणायला. आबा दोरी टाकून उठले. ते सरांपेक्षा वयानं मोठे. त्यांनी गुडघे टेकून सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

सर गोंधळले. मागं सरकायला गेले, तोल जात होता, पुतण्यानं धरलं. "किसनराव… कामून? माझ्या… कामून?"

आबांनी डोकं उचललं नाही.  सर आधी आबांकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा आबांकडे बघत राहिले. त्यांना कळलं का, हे मी आजवर स्वतःला विचारतो. त्यांनी फक्त चांगला हात आबांच्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग आकाशाकडे बघून पुतण्याला खूण केली. सूर्य चालला होता, घरी जाऊन जेवायचं होतं.

स्कूटर बागेच्या कडेनं गेली. सर मागं ताठ बसले होते, डावा हात मांडीवर, उजवा पुतण्याच्या खांद्यावर. वळणावर एक फांदी रस्त्यात आलेली होती, सरांनी ती उजव्या हातानं हळूच बाजूला केली, सोडली, आणि दिसेनासे झाले. फांदी कितीतरी वेळ हलत होती. आबा अजून गुडघ्यावरच होते.